पाणी मोफत, राखण मोलाची

मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतं आहे. या तालुक्यात दर पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आणि याच तालुक्यात डोंगरकडेच्या पाड्यांवर मार्च उजाडला की टँकरची वाट बघणं सुरू होतं. शेजारच्या मोखाडा-जव्हारमध्येही तेच. पावसाचं पाणी उतारावरून धावत ओहोळाला मिळतं, काळा कातळ ते फारसं पोटात ठेवत नाही. धरणात अडतं त्यातलं बरंचसं मोठ्या जलवाहिन्यांतून शहराकडे जातं. मग ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतल्या बायका आटलेल्या ओहोळात डवरे खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात.

या पट्ट्यातल्या पाड्यांवर पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत पोचावं, या कामात मी बरीच वर्षं आहे. आम्ही काही मित्रमैत्रिणी, पाड्यावरची माणसं आणि जमेल तिथे ग्रामपंचायत, असं मिळून ते चालतं. कुठे झऱ्याचं पाणी उताराने खाली आणलं, कुठे विहिरीवर सौरपंप बसवला, कुठे बंद पडलेली नळपाणी योजना पुन्हा चालू केली. त्यातून जे कळलं ते, असं काम हाती घेऊ पाहणाऱ्यांसाठी, इथे मांडते.

१. पाणी मोजायचं ते मे महिन्याच्या शेवटी

दिवाळीत कुठलाही झरा भरघोस दिसतो. त्या दिवसांत झरा पाहून योजना आखली की ती होळीनंतर कोरडी पडते. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, ठरवण्याआधी एक तरी मे महिना जाऊ द्यावा. कोणता झरा होळीपर्यंत टिकतो आणि कोणता पहिल्या पावसापर्यंत, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका न चुकता सांगतात. त्यांच्याबरोबर डोंगर चढावा आणि मग मोजावं.

मोजायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. बादली पन्नास सेकंदांत भरली, तर मिनिटाला १२ लिटर पाणी झालं. चोवीस तासांचा हिशेब केला, तर १७,२८० लिटर. जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. त्या प्रमाणात तीनशे वस्तीच्या पाड्याला १६,५०० लिटर लागतात. म्हणजे बघताना नगण्य वाटणारी ती धार अख्ख्या पाड्याला पुरते. अट एवढीच, की रात्रीचं पाणी वाया जाता कामा नये. डोंगरातल्या बहुतेक झऱ्यांचं पाणी रात्रभर ओहोळात वाहून जातं आणि पहाटे बायका रांगेत उभ्या असतात. अशा ठिकाणी नवा उद्भव शोधत फिरण्याआधी साठवण टाकी बांधावी.

२. माणसं मोजायची ती वीटभट्टीवरून परतल्यावर

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. थंडीत पाहणीला जाणाऱ्यांना कुडाची दारं बंद दिसतात आणि कागदावर पाड्याची लोकसंख्या निम्मी लागते. मे महिन्यात भट्टीवरची माणसं परततात, आश्रमशाळेतली पोरं सुटीला येतात, लग्नाचे मांडव पडतात. झरा सगळ्यात बारीक झालेला असतो तेव्हाच पाणी पिणारी तोंडं सगळ्यात जास्त असतात. टाकीचा आकार त्या महिन्यावरून ठरवावा.

गुरं आणि शेळ्याही मोजाव्यात. त्यांच्यासाठी वेगळा हौद केला नाही, तर ती नळाखालच्या चिखलात तोंड घालणार आणि तो चिखल हंड्याच्या बुडाला लागून घरात जाणार. नळाच्या उताराला, थोडं दूर, गुरांचा हौद आणि धुण्याचा दगड ठेवला की पिण्याची जागा आपोआप स्वच्छ राहते.

३. जागेचा कागद पाइपाच्या आधी

झरा बहुतेक वेळा वनखात्याच्या जमिनीत असतो, विहिरीची जागा कुणाच्या तरी मालकीची असते. मालक मोठ्या मनाने जागा देतो, गावजेवणात त्याचा सत्कार होतो. पुढे वाटण्या होतात आणि मुलगा किंवा पुतण्या कुंपण घालतो. म्हणून जागा तोंडी घेऊ नये. ग्रामपंचायतीच्या नावाने नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं आणि सातबाऱ्यावर नोंद झाल्याचं स्वतः बघावं. देणाऱ्याचा मानही त्यात राहतो.

वनजमिनीसाठीही वाट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिनी यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरायची परवानगी मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, या अटी आहेत. ग्रामसभेचा ठराव नीट लिहून घेतला, नकाशा जोडला, सह्या-अंगठे घेतले, तर हे काम होतं. ठरावाचा मसुदा पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा. लोकांनी ऐकून मान्य केलेला ठराव पुढे लोकच राखतात.

४. नितळ पाण्याचीही परीक्षा घ्यायची

‘आमचं पाणी देवाचं आहे, काचेसारखं आहे,’ असं प्रत्येक पाड्यावर ऐकायला मिळतं. त्याला भाषणाने उत्तर देऊ नये. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची छोटी बाटली मिळते. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ही सोपी पद्धत मांडली. बाटलीत पाणी भरून ऊबदार जागी ठेवायचं. विष्ठेतून येणारे जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. ही बाटली अंगणवाडीच्या फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली की पुढचं बोलणं सोपं होतं. काळं पाणी एकदा डोळ्यांनी पाहिलेली आई मुलाला ते पाजत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात सापडता कामा नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत हवं. दुसरा उद्भवच नसेल तर फ्लोराइडची मर्यादा १.५ पर्यंत सैल केली आहे. नवा उद्भव घेताना जिल्हा प्रयोगशाळेतून ही पूर्ण तपासणी करून घ्यावीच.

प्रत्येक मुलखाचं दुखणं वेगळं असतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरवेलला फ्लोराइड आहे आणि त्याने दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. आमच्याकडच्या डोंगरपाड्यांवर क्षार फारसे नाहीत, तिथे शत्रू आहे तो जिवाणू. असं असताना कुणी देणगीत आरओ यंत्र देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणावं. आरओला वीज लागते, पडदे बदलावे लागतात आणि आत गेलेल्या पाण्यातला मोठा वाटा ते बाहेर टाकून देतं. जिथे थेंब मोजून भरतात तिथे ते परवडत नाही. फ्लोराइडच्या किंवा खाऱ्या गावात त्याचा विचार जरूर करावा. आधी रोग ओळखावा, मग यंत्र आणावं.

५. टीसीएल हे रोजचं काम आहे

स्वच्छ पाण्याचा सगळा डोलारा एका साध्या पांढऱ्या पावडरीवर उभा आहे. ती म्हणजे ब्लीचिंग पावडर; गावात तिला टीसीएल म्हणतात. हजार लिटरला पाच ग्रॅम हा आमच्याकडचा सर्वसाधारण हिशेब. १६,५०० लिटरच्या टाकीला दिवसाला सुमारे ८२ ग्रॅम, म्हणजे महिन्याला अडीच किलोच्या आसपास. पाड्याला कावीळ आणि गॅस्ट्रोपासून वाचवण्याचा हा एवढा खर्च आहे.

पण ते रीतीने करावं लागतं. पावडर थेट टाकीत टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. त्यानंतर निदान अर्धा तास नळ सोडायचा नाही. पिशवी उघडी राहिली किंवा ओल लागली तर क्लोरीन उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो. म्हणून झाकणाचा डबा, कोरडी जागा आणि पिशवीवरची तारीख या तिन्हींकडे लक्ष हवं.

पाण्यात औषध उतरलं की नाही ते ओटी चाचणीने कळतं. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ही चाचणी टाकीपाशी करून भागत नाही, ती शेवटच्या नळावर करायची. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. जून महिन्यात जास्त जपावं. पहिल्या पावसाने पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच खर्ची पडतो. पाणी आधी निवळू द्यावं, गाळावं, मग पावडर. पाड्यांवरच्या जुलाब-उलट्यांच्या साथी बहुतेक याच दिवसांत येतात.

सुरुवातीला लोक वासाची तक्रार करतात. त्यांना पटवायला वेळ द्यावा. तोच वास म्हणजे पाणी राखलं गेल्याची खूण आहे, हे गावातली आशा कार्यकर्ती घरोघर सांगते तेव्हा ते पटतं. आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

६. शेवटच्या घराला पहिलं पाणी

जलवाहिनी टाकीपासून निघते आणि वाटेतल्या प्रत्येक नळाला पाणी देत पुढे सरकते. टोकाला पोचेपर्यंत धार बारीक होते. आणि टोकाला कोण राहतं? आमच्या भागात बहुतेक वेळा कातकरी वाडी. ज्यांच्याकडे जमीन नाही, साठवायला पिंप नाही, भांडायला आवाज नाही, त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं पाणी येतं.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा ठराव होऊन गेला होता. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ मध्ये, महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. कागदावर पाणी खुलं असणं आणि हातातली कळशी भरणं यांत किती अंतर असू शकतं, हे या महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. ते अंतर आजही काही पाड्यांवर नळाच्या तोटीपाशी उरलेलं दिसतं.

यावरचा उपाय आखणीतच करावा. टोकाच्या वाडीसाठी टाकीपासून स्वतंत्र लाइन टाकावी, तिचा व्हॉल्व्ह आधी उघडावा आणि तसा नियम ग्रामसभेत लिहून घ्यावा. उद्घाटनाचा नारळही त्याच वाडीत फोडावा. टोकाला पाणी नीट पोचलं की मधल्यांना ते मिळतंच.

७. नळाची जागा बायकांनी ठरवायची

पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. तो सही घेण्यापुरता पाळला जातो, असा बऱ्याच गावांतला अनुभव. बायका खरोखर बोलायला हव्या असतील तर बैठक त्यांच्या वेळेला, त्यांच्या अंगणात घ्यावी. मग बाहेर येतात त्या गोष्टी कुठल्याही अंदाजपत्रकात नसतात. नळ रस्त्याकडेला नको, कारण तिथे संध्याकाळी टोळकी बसतात. पाणी पहाटे सोडा, कारण सातला मजुरीची जीप येते. नळाखाली हंडा उतरवून ठेवायला कंबरेएवढा कट्टा बांधा.

हा कट्टा फार मोलाचा आहे. वीस लिटरचा भरलेला हंडा जमिनीवरून एकटीने उचलून डोक्यावर घेणं अवघड असतं. गरोदर बाईला आणि म्हातारीला तर ते धोक्याचंच. कंबरेच्या उंचीवर कट्टा असला की दुसऱ्या कुणाची वाट न बघता चुंबळ ठेवून हंडा चढवता येतो. चार विटांचं काम आहे. बायकांना विचारल्याशिवाय ते सुचत नाही.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. ती वापरावी. ज्या पाड्यावर तपासणीचा संच बायकांच्या हातात आहे, तिथे टीसीएलचा खाडा होत नाही.

८. दुरुस्ती पाड्यावरच्याच हातांना यायला हवी

डोंगरातल्या योजना मोडतात त्या साध्या कारणांनी. उन्हाळ्यात वणवा लागतो आणि उघड्यावरचा एचडीपीई पाइप वितळतो. चढावर पाइपात हवा अडकते आणि टाकी भरलेली असूनही नळ कोरडा राहतो. झरा आणि पाडा यांच्यात दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब वाढतो, त्यामुळे सहा किलोचा पाइप साठ मीटरच्या पुढे सांध्यांत फुटतो. उपायही साधे आहेत. पाइप निदान गुडघाभर पुरावा, कातळावर लोखंडी पाइप घ्यावा. चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह लावावा. उतार मोठा असेल तर मध्ये एक छोटी टाकी घालून दाब मोडावा.

हे सगळं पाड्यावरच्या दोघांना, शक्य तर एक तरुण आणि एक तरुणी, शिकवून ठेवावं आणि पान्यांची पेटी त्यांच्या ताब्यात द्यावी. सामान असं निवडावं, की जे तालुक्याच्या बाजारात मिळतं. हातपंपाचा इतिहास हेच सांगतो. सोलापूरला तयार झालेल्या मजबूत पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क २ घडला. त्याचे भाग सगळीकडे सारखे ठेवले गेले, म्हणून तो देशभर टिकला. परदेशी बनावटीचं सुंदर यंत्र पहिल्या बिघाडातच शोभेचं होऊन बसतं.

९. वरचा डोंगर राखला तरच खालचा झरा राहतो

सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला आहे. दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा तांबड्या मातीचा चिकट थर असतो. वरून मुरलेलं पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे झऱ्याचं पाणी वरच्या सडा-पठारावर पडलेलं असतं. तिथली झाडं गेली, माती वाहून गेली की काही वर्षांत झरा मार्चमध्येच थांबतो.

म्हणून योजनेच्या खर्चात वरच्या डोंगराचं काम धरावं. सलग समतल चर, दगडी बांध, काही वर्षं चराईबंदी. झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचालयाचा खड्डा किंवा गोठा नको. विहीर किंवा बोअर असेल तर जवळपासच्या उपशावर नजर हवी. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानेच बंदी घातली होती. तीसहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेली ती गोष्ट गावोगाव बोअरच्या गाड्या फिरताना विसरली गेली. गावाने ती आठवणीत ठेवावी.

१०. जुनी विहीर बुजवू नये

नळ आला की जुन्या विहिरीत कचरा पडू लागतो. पण कधी सौरपंप बंद पडतो, आभाळ आठ-आठ दिवस भरलेलं राहतं, पाइप फुटतो. अशा दिवशी पाड्याला तीच विहीर तारते. तिचा गाळ दर उन्हाळ्यात काढावा, कठडा दुरुस्त ठेवावा, तिच्यातही टीसीएल पडावी.

११. नळापासून ओठांपर्यंतची वाट

नळाला शुद्ध आलेलं पाणी घरात जाऊन दूषित होऊ शकतं. हंड्यात पेला बुडवला की बोटं बुडतात. हंड्याला झाकण, पाणी काढायला दांडीचं ओगराळं आणि पिण्याचा हंडा जमिनीपासून उंच, एवढं झालं की लहान मुलांचे जुलाब कमी होतात. नळ सुरू झाल्याच्या दिवशी प्रत्येक घराला पाहुण्यांच्या हस्ते ओगराळं द्यावं. भाषणांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

१२. मोफत पाण्याचा खर्च उघड सांगायचा

हा अनुभव शेवटी ठेवला, कारण बाकीचं सारं यावर टिकून आहे.

पिण्याच्या पाण्याला नळावर पैसे घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. अनेक गावांत नाणं टाकलं की वीस लिटर पाणी देणारी यंत्रं बसली आहेत. पाच रुपये कमी वाटतात. पण रोज एक जार म्हटलं तरी महिन्याचे दीडशे झाले, आणि ज्या घरात रोजची मजुरीच रोज मिळत नाही तिथे ज्या दिवशी नाणं नसेल त्या दिवशी ओहोळाचं पाणी पोटात जातं. आजारी पाडायला एक दिवस पुरतो. तहानलेल्याला पाणी द्यावं आणि मोल घेऊ नये, ही पाणपोईची रीत आपल्याकडे जुनी आहे. जगण्याच्या हक्कात निर्मळ पाण्याचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलं आणि २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पाणी हा मानवी हक्क मानला. हक्काला नाण्याची फट असू नये.

पण नळावर पैसे घेत नाही म्हणजे पाण्याला खर्च नाही, असा समज पसरू दिला तर योजना मरते. टीसीएल विकत आणावी लागते. पाणी सोडणारा माणूस रोज पहाटे उठतो, त्याला मानधन लागतं. व्हॉल्व्ह झिजतात, पंप जळतो. हे पैसे कुठून येणार, हे पहिला पाइप टाकण्याआधी ठरलं पाहिजे.

मार्ग आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला आणि त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी राखला. असा निधी पाड्यापर्यंत येतो का, हे ग्रामसभेत विचारावं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणं भाग आहे. त्यांच्याकडे जाताना टाकीसोबत पुढच्या देखभालीचीही रक्कम मागावी. देणगीदाराला कोनशिला आवडते, हे खरं. पण पाणी सोडणाऱ्याच्या मानधनावर गावाची तब्येत उभी आहे, हे समजावून सांगितलं तर पुष्कळ जण ऐकतात. ज्यांना पिण्यापलीकडे परसबागेसाठी किंवा अंगणात स्वतंत्र नळ हवा आहे, त्यांच्याकडून पाणीपट्टी घ्यावी. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी टाकी धुवावी, चर खणावेत. श्रमदानाचीही नोंद रुपयांसारखीच वहीत व्हावी.

आणि हा सगळा हिशेब टाकीजवळच्या फळ्यावर दर महिन्याला खडूने लिहावा. किती आले, किती गेले, टीसीएल किती उरली, शेवटच्या नळाची ओटी चाचणी कधी झाली. ज्या पाड्यांवर हा फळा नियमाने लिहिला जातो, तिथल्या योजना चालू आहेत. फळा कोरा राहू लागला की काही महिन्यांत नळही कोरडा पडतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पाणी मोफत असावं. ते राखणाऱ्याचे कष्ट मात्र मोफत घेऊ नयेत.

तुम्ही शहरात राहत असाल आणि अशा कामाला पैसे देऊ इच्छित असाल, तर टाकीचा फोटो मागू नका. दोन उन्हाळ्यांनंतरचा ओटी चाचणीचा अहवाल आणि पाणी सोडणाऱ्याच्या मानधनाची पावती मागा. तुम्ही गावात राहत असाल, तर येत्या ग्रामसभेला जा आणि तीन प्रश्न विचारा: आपल्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, तिचा निकाल काय आला, आणि या वर्षी देखभालीसाठी किती रक्कम ठेवली आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. हे विचारायला कुठलंही पद लागत नाही.